खमीसची टोपी

"मागून दोन बोटं पट्टी घाल. बाकी काही हलवू नकोस," शम्सा म्हणाली आणि बाळाची टोपी तिने माझ्या मशीनवर ठेवली.

बाकी काही हलवू नकोस! मला जरा रागच आला. हर्णैपासून बाणकोटपर्यंत कुठल्याही लग्नघरी ओढणी भरायची असली की आधी मैमूनाला निरोप जायचा, असा माझा हात. आणि ही बाई मला सांगणार, कुठे हात लावायचा आणि कुठे नाही ते.

"दुपारी येते न्यायला," ती म्हणाली. "टोपीशिवाय मी त्याला उंबऱ्याबाहेर काढत नाही."

"या उकाड्यात कसली टोपी? घाम जिरून सर्दी होईल पोराला."

"होऊ दे. सर्दीला औषध असतं."

खमीस तिच्या कडेवर होता. नऊ महिन्यांचा, गुटगुटीत, दोन दात आलेले. टोपी तंग होऊन त्याच्या कपाळावर लाल वळ उठला होता. त्याच्या डोक्यावर तिने आपल्या काळ्या, पायघोळ अबायाचा पदर ओढला आणि भिंतीपलीकडच्या आपल्या घरात ती जवळजवळ धावतच गेली.

हे ओमानच्या किनाऱ्यावरच्या सूर गावातलं. दाऊद, माझे मिस्टर, तिथल्या बर्फाच्या कारखान्यात मेकॅनिक होते, म्हणून मी आणि आमची चार वर्षांची नसरीन तिथे. शम्साचा नवरा मासेमारीला गेला की आठ-आठ दिवस परतायचा नाही, मग ती दिवसातून चारदा माझ्याकडे यायची. आमची भाषा अर्धी अरबी, अर्धी हिंदी आणि उरलेली हातवाऱ्यांची. इथे मी ती मराठीतच लिहिते आहे. तिने तीन मुलं पुरली होती. हे मला शेजारणींनी सांगितलं, ती स्वतः कधी बोलली नाही. खमीस चौथा.

तर टोपी. टोपी म्हणजे आपली कुंचीच की, डोक्यावरून मानेपर्यंत उतरणारी, हनुवटीखाली बंद बांधायची. काळं सुती कापड, त्यावर लाल-हिरव्या रेशमाचा साखळी टाका, कडेला चंदेरी कलाबतू. भरतकाम चांगलं होतं, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण कपाळावरच्या कडेला जे मणी लावले होते, ते बघून माझं डोकं फिरलं. अकरा मणी आणि त्यांतले दोन एकसारखे नाहीत. एक निळा काचेचा, एक अकीकाच्या दगडाचा, एक कवडी, एक लाकडी, एक पिवळा, एक तर अर्धा फुटलेला. प्रत्येक मणी वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने टाचलेला, कुठे दोन गाठी, कुठे पाच. इतकं देखणं भरतकाम करणारी बाई कडेला येऊन अशी कशी घसरली, हे मला कळेना.

पट्टी घालायला मला पाऊण तास लागला. टोपी तयार झाली. ती तशीच ठेवून मी भाकऱ्या करायला उठले असते तर आज ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती. पण माझे हात शिवशिवायला लागले. मुंबईहून येताना मी मोतिया रंगाचे काचमणी आणले होते, बारीक, एकाच मापाचे, ओल्या तांदळासारखे चमकणारे. म्हटलं, बिचारीला कुठे मिळणार असले? बघून हरखून जाईल. मी ते अकराही मणी उसवले, दोऱ्यांसकट कागदावर काढले आणि कडेने मोत्यांची दुहेरी ओळ भरली. मधेमधे चांदणीही काढली. नसरीन शेजारी बसून बघत होती.

"अम्मी, हे जुने मना दे ना खेळायला."

"घाण आहेत. तोंडात घालशील."

कागदाची पुडी करून मी ती केराच्या डब्यात टाकली. थोड्या वेळाने केर काढला, माशांची खवलं, कांद्याची सालं, चिंध्या सगळं त्यातच गेलं. मग डबा उचलला आणि आमच्या वस्तीमागे खाडीच्या काठी जिथे सगळे टाकायचे तिथे उपडा करून आले.

दुपारच्या नमाजानंतर शम्सा आली. खमीस अबायाच्या आत, नुसते पाय बाहेर. मी टोपी पाठीमागे लपवली होती. "डोळे मीट," म्हटलं. तिने हसत डोळे मिटले. मी टोपी तिच्या हातात ठेवली.

तिने डोळे उघडले. टोपी उलटी केली, सुलटी केली. कडेवरून अंगठा फिरवला.

"कशी दिसतेय?" मी विचारलं.

"माझे मणी कुठे आहेत?"

"अगं, कसले ते मणी! एकाला एक जुळत नव्हता. हे बघ, दुहेरी ओळ…"

"मैमूना," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, उलट इतका उतरला की मला पुढे वाकावं लागलं. "ते मणी कुठे आहेत?"

ती खाली बसली आणि खमीसला तिने मांडीवर घट्ट आवळून धरलं.

"ते मागितलेले आहेत," ती म्हणाली. "माझ्या माहेरी, तिकडे वाळवंटाच्या कडेला, ही रीत आहे. जिची मुलं राहत नाहीत तिने पोटुशी असताना दारोदार जाऊन मागायचं. ज्या घरात एकही मूल पुरलेलं नाही, अशाच घरी जायचं. त्या घरच्या आईने आपल्या जित्या मुलाच्या टोपीवरचा, झग्यावरचा मणी तोडून द्यायचा. स्वतःच्या हाताने, राजीखुशीने. विकत घेतलेला चालत नाही. चोरलेला चालत नाही. आठव्या महिन्यात मी या गावात अनवाणी हिंडले, मैमूना. अशी घरं इथे फार नाहीत. अकरा मिळाली. प्रत्येकीने तिच्या दोऱ्यासकट दिला, तसाच मी लावला."

मला कळत कसं नाही! माझ्या स्वतःच्या भावाचं नाव फकीर आहे. त्याच्याआधीची दोन गेली, म्हणून आईने झोळी घेऊन पाच घरी भीक मागितली आणि त्या तांदळाची पेज पाजली त्याला. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी त्या रंगीबेरंगी दोऱ्यांत मला फक्त गचाळ काम दिसलं.

"आहेत की," मी म्हणाले. "नीट डब्यात ठेवलेत. उद्या दुपारपर्यंत पुन्हा लावून देते."

"आत्ता दे. मी लावते."

"नको, मी बिघडवलं, मीच लावीन. कड उसवावी लागेल, कापड नाजूक झालंय." खोटं बोलायला लागलं की कारणं कशी भराभर सुचतात!

तिने माझ्याकडे पाहिलं. मग मान हलवली, टोपी मशीनवर ठेवली आणि खमीसला पुन्हा अबायाच्या आत घेतलं.

"उद्यापर्यंत मी याला खाली ठेवत नाही," ती म्हणाली.

ती गेल्याबरोबर मी नसरीनला उचललं आणि खाडीकडे धावले. भरती सुरू झाली होती. केराचा अर्धा ढीग पाण्यात हलत होता आणि बकऱ्यांनी उरलेला विस्कटून ठेवला होता. मी गुडघ्यावर बसले आणि हातांनी चाळायला लागले. खवलं, सालं, चिखल. येणारी-जाणारी माणसं बघत होती, बघू दे म्हटलं. पहिला सापडला तो कवडीचा, हिरवा दोरा अजून त्यात अडकलेला. मग अकीक. लाकडी एक. फुटका एक. आणि निळा काचेचा नसरीनला सापडला, तिने तो झग्याला पुसून माझ्या हातावर ठेवला. पाच. पाणी माझ्या कमरेपर्यंत आलं तेव्हा मी उठले. सहा मणी खाडीने नेले होते.

संध्याकाळी दाऊद घरी आले तेव्हा मी ओल्या कपड्यांनी स्वयंपाकघरात बसले होते.

"काय झालां गो? रडतंस कशाला?"

मी सगळं सांगितलं. ते पाच वेळा नमाज पढणारे, असल्या रीतींवर नाक मुरडणारे. मला वाटलं म्हणतील, सोडून दे, अडाणीपणा आहे. ते तसं म्हणाले नाहीत. चहाचा कप त्यांनी बाजूला सारला.

"आपल्या घरात कोण पोर गेलांय?" त्यांनी विचारलं.

"नाय. अल्लाच्या मेहेरबानीने नाय."

"मग नसरीनची कुंची हाय ना तुझ्या पेटीत? तुझ्या आयेने मणी लावून दिलेली. त्यातले सहा काढ. सकाळी तिच्याकडे जा, खरां सांग, हात जोड आणि ते दे. ती काय मागते, तांच तर तुझ्याकडे हाय."

किती सरळ होतं! त्याहून सरळ काही असूच शकलं नसतं. त्या माणसाने मला आयुष्यात पुष्कळ सल्ले दिले, त्यातला हा सगळ्यात चांगला.

सकाळी ते कामावर गेले आणि मी पेटी उघडली. नसरीनची कुंची तळाशी, कडुलिंबाच्या पाल्यात ठेवलेली. लाल खणाची, कडेने काळे-पांढरे मणी. माझ्या आईची नजर तेव्हा अधू झाली होती, तरी तिने एकेक मणी ओवला होता. मी कातरी घेतली. पहिल्या दोऱ्याखाली पातं घातलं. नसरीन दाराशी बसून भाताची शितं कोंबड्यांना टाकत होती आणि त्यांना नावं देऊन हाका मारत होती.

माझा हात चालेना. मी स्वतःला म्हटलं, काचेचे तुकडे आहेत गं, मैमूना. पुन्हा कातरी लावली. आणि मग मनात आलं, यातला एक जरी त्या घरात गेला, जिथे तीन गेली, तर इथून काय कमी होईल? कालपर्यंत मी शम्साच्या टोपीला हसत होते. आता तिची रीत माझ्याच मानगुटीवर बसली होती, आणि तीही उलट्या बाजूने. नसरीनने मला हाक मारली, "अम्मी, बघ, ही ऐकते माझं." मी कुंची घडी घालून पेटीत ठेवली, कुलूप लावलं आणि तिला घेऊन बाजारात गेले.

जुन्या बाजारात एक म्हातारी चटईवर जुने दागिने, तुटक्या माळा, किल्ल्या, असलं काहीबाही घेऊन बसायची. तिच्या ढिगातून मी सहा मणी निवडले. पिवळा तसाच पिवळा, काळा तसाच काळा, आठवत होते तेवढे जुळवले. एका मण्याची मात्र काही केल्या आठवण येईना, त्याच्या जागी मी एक तांबडा घेतला. घरी येऊन मोत्यांची ओळ उसवली. सहाही मण्यांना वेगवेगळे दोरे घेतले, दोऱ्यांना चहाच्या पाण्यात बुडवून जुने केले, कुठे दोन गाठी मारल्या, कुठे पाच. इतकं मन लावून मी आयुष्यात वाईट काम केलेलं नाही.

दुपारी शम्सा आली. डोळे तांबारलेले, खांदे उतरलेले. खरंच खाली ठेवलं नव्हतं तिने त्याला. टोपी हातात घेऊन ती माझ्या चटईवर बसली आणि एकेका मण्यावर बोट ठेवून नावं घ्यायला लागली.

"ही जुवैनाची कवडी. हा रैयाचा. हा उम्म सालिमचा, तिने फुटका दिला, पण त्या घरात सात मुलं आहेत." खमीस तिच्या बोटाला धरू बघत होता. "हा नूराचा… नाही, नूराचा टोकाला होता ना?"

"जागा बदलल्या थोड्या," मी म्हणाले.

"हो, बदलल्या." तिने मान डोलावली आणि बाजारच्या पिवळ्या मण्याला नूराचं नाव दिलं. मग काळ्याला कुणाचं तरी. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. जिथे जिथे खोट्या मण्याला ती नाव द्यायची, तिथे माझी मान एकेक बोट खाली जायची. आणि मग बोट तांबड्यावर आलं आणि थांबलं.

"हा माझा नाही."

मी सुईदोरा आवरायला घेतला.

"मैमूना, हा कुठला?"

ओठांवर आलं होतं, खरंच आलं होतं. अल्लाची शपथ, मी सांगणार होते. पण तिने डोळे वर केले आणि त्या डोळ्यांत मला एवढी भीती दिसली की माझं धैर्य गेलं. निदान मी इतकी वर्षं स्वतःला असंच सांगत आले. खरं म्हणजे मला तिच्या भीतीपेक्षा माझी लाज जड झाली होती.

"एक फुटला माझ्या हातून," मी म्हणाले. "त्याच्या जागी नसरीनच्या कुंचीवरचा लावला. माझ्या आईने ओवलेला."

"नसरीनचा?"

"हो."

"तू तोडून दिलास? स्वतःच्या हाताने?"

"हो."

शम्साने टोपी खाली ठेवली. माझं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि कपाळाचा मुका घेतला, मग दुसरा, मग तिसरा. ती रडत होती. "तुझ्या दाराशी येऊन मी परत गेले होते," ती म्हणत होती. "आठव्या महिन्यात. तू परमुलखातली, तुला काय वाटेल, म्हणून दार वाजवलं नाही. आणि तू न मागता दिलास."

मी हे सहन केलं. माणूस काय काय सहन करू शकतो!

खमीस जगला. मोठा झाला, आता बंदरात क्रेन चालवतो, त्याला दोन मुली आहेत. आम्ही सूर सोडून हर्णैला परत आलो, दाऊद गेले, नसरीन पनवेलला असते, तिची मुलं कॉलेजात आहेत. कुणाचंही काही वाईट झालं नाही. मी हे कुणाला सांगितलं तर तो हेच म्हणेल, मग बिघडलं काय? मणी ते मणी. तेवढ्यावर थांबलं असतं तर मीही तसंच म्हटलं असतं. पण शम्सा तेवढ्यावर थांबली नाही.

तिने डोळे पुसले आणि नसरीनला जवळ बोलावलं. नसरीन लाजत लाजत आली.

"देणाऱ्या घरचं मूल रिकामं ठेवायचं नसतं," शम्सा मला म्हणाली. "त्या बायकांना मी काही देऊ शकले नाही. तेव्हा हा पोटात होता, माझा झालेला नव्हता. आता माझ्याजवळ जितं मूल आहे. आता मी देऊ शकते."

तिने टोपी पुन्हा मांडीवर घेतली आणि माझी कातरी उचलली.

"अगं, नको," मी म्हणाले. "राहू दे. त्याला लागतील ते."

"तुलाही लागत होता. तू दिलास ना?"

तिचं बोट कडेवरून फिरू लागलं. पिवळा घे, मी मनात म्हणत होते. पिवळा घे, तो बाजारचा आहे. नाहीतर तो काळा. या अल्ला, तिचं बोट काळ्यावर थांबव. बोट पिवळ्यावरून गेलं, काळ्यावरून गेलं, आणि निळ्यावर येऊन थांबलं. खऱ्या पाचांतला तो एक.

"आलियाचा," ती म्हणाली. "सगळ्यात पहिला मिळाला तो हा. हा मिळाला तेव्हा मला वाटलं, हे मूल राहील. तुझ्या नसरीनला मी दुसरा कुठला देणार?"

तिने कातरी दोऱ्याखाली घातली. तिचा हात अडला. तिला काय वाटत असेल ते त्या घरात माझ्याइतकं कुणालाच कळलं नसतं. सकाळी त्याच कातरीवर माझाही हात असाच अडला होता आणि मी पेटी बंद केली होती. खमीसच्या डोक्यावर शम्साने डावा तळवा दाबून धरला आणि उजव्या हाताने दोरा कापला.

एक शब्द पुरला असता. थांब, एवढाच.

मी नसरीनच्या झग्याची कॉलर दोन बोटांत धरली आणि ताणून धरली, शम्साला नीट टाचता यावं म्हणून.